ट्रिमर निवडण्याआधी पुंगळी कुठे टेकते ते बघा

प्रश्न : उद्यमबागेत माझं लहानसं वर्कशॉप आहे. दोन सीएनसी, एक जुनी लेथ, हायड्रॉलिकचे जॉब करतो. धाकटा भाऊ अमेरिकेत ओहायोला नोकरीला आहे. तिथे तो ६.५ क्रीडमूर रायफलने लांब पल्ल्याची नेमबाजी करतो आणि काडतुसं घरीच भरतो. पुंगळ्यांची, म्हणजे काडतुसांच्या पितळी नळकांड्यांची, मान कापायला त्याच्याकडे हाताने फिरवायचा साधा ट्रिमर आहे, बुडाची रिम (कड) कोलेटात, म्हणजे आवळणाऱ्या पकडीत, धरणारा. कापल्यावरही लांबीत शंभर मायक्रॉनपर्यंत फरक राहतो आणि बहुतेक दर वेळी कापावंच लागतं, असं तो म्हणतो. आता विल्सनचा हाताचा घ्यायचा की जिरॉडचा मोटरचा, हे मला विचारतोय. "अण्णा, तू रोज मायक्रॉनमध्ये काम करतोस, तूच सांग की. नाहीतर आपल्या शॉपमध्येच एक बनवून पाठव." मला लेथ कळते, काडतूस कळत नाही. त्यात आईने धसका घेतलाय, पोरगा घरात दारूगोळा करतो म्हणून. जरा नीट समजावून सांगा.
— एक वाचक, अनगोळ, बेळगाव

उत्तर : नमस्कार. तुमच्या भावाचं शेवटचं वाक्य आधी घेतो, कारण त्यात घाई झाली तर निस्तरणं अवघड जाईल. ट्रिमर तुमच्या शॉपमध्ये बनवू नका. भावाच्या मायेपोटी नको, रविवारी मशीन मोकळं आहे म्हणून नको, एक नगही नको. शस्त्र कायदा, १९५९ मध्ये दारूगोळ्याची जी व्याख्या आहे तिच्यात नुसती काडतुसं येत नाहीत. काडतुसांचे भाग येतात आणि काडतुसं तयार करायची यंत्रसामग्रीही येते. बनवायला कलम ५ खाली परवाना लागतो, देशाबाहेर पाठवायला किंवा बाहेरून आणायला कलम १० खाली. पुंगळीचं तोंड कापणारं वीतभर हातयंत्र 'यंत्रसामग्री'त धरायचं की नाही, यावर वकील दोन्ही बाजूंनी तासभर बोलतील. तो वाद तुमच्या शेडच्या दारात कशाला आणायचा? तिकडे ही अवजारं दुकानात उघड मिळतात. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात स्वतःच्या वापरापुरती काडतुसं भरायला परवाना लागत नाही, विकायला भरली तर लागतो. तेव्हा त्याने तिकडचं अवजार तिकडेच घ्यावं आणि तिकडेच वापरावं.

याला लागूनच दुसरं. गणपतीला तो घरी येईल तेव्हा रेंजवर नेतो ती बॅग घेऊन विमानात बसू नये, धुऊन झटकूनसुद्धा नको. कुठल्या तरी कप्प्यात विसरलेलं एक जिवंत काडतूस मुंबईला किंवा सांबऱ्याला स्कॅनरमध्ये दिसलं की गुन्हा दाखल होतो. मग 'मला माहीतच नव्हतं' हे पटवून द्यायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सगळी सुट्टी त्यात जाते आणि नोकरीवर परत जायची तारीखही हुकते. पुतण्यांसाठी रिकामी पुंगळी किल्लीच्या जुडग्याला लावून आणायची हौसही त्याने सोडून द्यावी.

आता आईंचं. त्यांना सांगा, ट्रिमरच्या टेबलावर दारू नसतेच. तिथे येते ती एकदा उडालेली, पेटवणारी टोपी काढलेली, धुऊन वाळवलेली रिकामी पितळी पुंगळी. तुम्ही लेथवर पितळेचा बुश फेस करता, तेवढाच धोका. दारू भरायचं काम वेगळं, ते वेगळ्या वेळी करायचं. तेव्हा टेबलावर एका वेळी एकाच प्रकारच्या दारूचा डबा, जवळपास विस्तव किंवा सिगारेट नाही, फोनवर गप्पा नाहीत, आणि छापील तक्त्यात दिलेल्या वजनाच्या पुढे एक कणही जायचं नाही. हे सगळं पाळतोस का, एवढं आईंनीच त्याला विचारावं. आईला तो खरं तेच सांगेल.

हे सदर वाचणाऱ्या आणखी काही घरांसाठी इथेच एक खुलासा करतो. २०१० मध्ये म्युनिकला तेजस्विनी सावंत ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेती झाली, २०२४ मध्ये पॅरिसला राधानगरीकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं. तेव्हापासून निपाणी-चिकोडीकडचेही आईबाप मुलांना रेंजवर घालायचं म्हणून चौकशी करतात, आणि काही जण काडतुसं भरायच्या सामानाबद्दलही विचारतात. त्याची काही गरज नाही. या दोघांनी ज्या खेळात पदकं आणली त्यात पॉइंट टू-टू रिमफायर काडतूस असतं. त्याच्या बुडाच्या काठातच पेट घेणारा मसाला भरलेला असतो. एकदा काठ चेपला की ती पुंगळी पुन्हा भरत नाहीत. दहा मीटरला तर हवेची रायफल आणि शिशाचे छर्रे. मुलासाठी चांगलं जाकीट, चांगला प्रशिक्षक आणि रोजचा वेळ बघा. ट्रिमर, डाय, दारू हा विषय तुमच्या घरात यायचं कारणच नाही.

आता तुमच्या कामाच्या भाषेत बोलू. फौजेत मी आर्मरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) होतो, नंतर टूलरूममध्ये बरीच वर्षं काढली, आणि मुलीकडे अमेरिकेला गेलो तेव्हा जावयाच्या मित्राच्या गॅरेजात ही अवजारं हातात घेऊन पाहिली. माझ्या मते हा प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत डेटमचा, म्हणजे माप कुठून धरायचं त्या जागेचा आहे. हाताचा की मोटरचा, हे मागाहून ठरतं.

पुंगळी म्हणजे पातळ भिंतीचा, खांदा असलेला पितळी जॉब. खाली जाड बूड आणि रिम, वर किंचित निमुळतं अंग, मग खांदा, मग मान. मानेत गोळी बसते. बार उडताना पुंगळी फुगून चेंबरच्या, म्हणजे रायफलीत काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला चिकटते, म्हणून पुन्हा वापरायची तर डायमध्ये दाबून तिला मापात आणावं लागतं. अंग आवळलं की पितळ वर सरकतं आणि मान लांबते. ६.५ क्रीडमूरची कमाल लांबी १.९२० इंच, म्हणजे ४८.७७ मिमी. कापून आणायचं माप १.९१० इंच, म्हणजे ४८.५१ मिमी. मान कमाल मापाच्या फार पुढे गेली तर चेंबर जिथे संपतं त्या पायरीला तोंड भिडतं, गोळीवर आवळलं जातं, गोळी वेळेत सुटत नाही आणि दाब भलताच चढतो. ते होऊ न देणं हे ट्रिमरचं पहिलं काम. नेमाचा विचार त्याच्या नंतर.

या दोन मापांमध्ये अडीचशे मायक्रॉनची जागा आहे. तेव्हा तुमच्या भावाचं माप ४८.५१ च्या आसपास फिरत असेल तर शंभर मायक्रॉनच्या फरकाने धोका नाही. नेमावरही त्याचा थेट परिणाम थोडाच. मानेची गोळीवरची पकड, दारूचं वजन, गोळी किती खोल बसवली, या गोष्टी त्याहून कितीतरी मोठ्या. लक्ष्यावर गोळ्या पसरतायत म्हणून तो ट्रिमरवर संशय घेत असेल तर आधी तिकडे बघायला सांगा. तरीही एवढा फरक का येतो हे शोधायलाच हवं, कारण ज्या कारणाने लांबी बदलते त्याच कारणाने तोंड तिरकंही कापलं जात असेल. तोंड तिरकं असलं की आतला चँफर (कडेचा तिरका उतार) एका बाजूला जास्त बसतो, आणि गोळी मानेत सरळ जायला हवी तशी जात नाही.

शोधायचं कसं? कापलेल्या दहा पुंगळ्या घ्यायला सांगा. आधी तोंडाचा बर, म्हणजे कापताना उठलेली कड, आतून आणि बाहेरून काढायचा, मगच व्हर्नियर लावायचा, नाहीतर पितळेऐवजी बरच मोजला जातो. मग एक पुंगळी व्हर्नियरच्या जबड्यांत हलकी धरून पाव फेरा फिरवायची, आकडा बघायचा, पुन्हा पाव फेरा. एकाच पुंगळीवर आकडा हलतो का? मग कटर आणि पुंगळी एका रेषेत नाहीत, तोंड काटकोनात नाही. एका पुंगळीवर आकडा ठाम, पण या पुंगळीत आणि त्या पुंगळीत वेगळा? मग तोंड सरळ आहे, पुंगळी टेकते ती जागा बदलते आहे. शेवटी त्यातलीच एक पुंगळी ट्रिमरमधून काढून पुन्हा लावायची, असं पाच वेळा, दर वेळी हँडल स्टॉपपर्यंत फिरवून. दर वेळी पितळेची थोडी थोडी पूड निघतच राहिली तर पकड ढिली आहे किंवा तो दर वेळी वेगळा जोर देतो. लेथवर तुम्ही नवीन पोराला हेच करायला लावता.

रिम कोलेटात किंवा तसल्याच पकडीत धरून समोरून कटर आणणारे ट्रिमर पुष्कळ आहेत. फॉर्स्टर, लायमन, आरसीबीएस, हॉर्नडी, रेडिंग, सगळ्यांचा मूळ घाट तोच. चांगले चालतात. पण पुंगळीचं बूड म्हणजे काही ग्राइंड केलेला फेस नव्हे. बार झाल्यावर पुंगळी बाहेर काढताना एक्स्ट्रॅक्टर रिमला ओढतो, इजेक्टर बुडाला ढकलतो, रिमवर कुठे ना कुठे ओरखडा किंवा उंचवटा राहतो. कोलेट तो उंचवटा धरून आवळलं की पुंगळी केसभर कलते, आणि पुढे मानेत शिरलेला पायलट (कटरच्या टोकाची दांडी) तिला सरळ करायला बघतो. दोघांच्या ओढाताणीत तोंड तिरकं होतं. (बुडावर इजेक्टरचा गोल चकचकीत ठसा स्पष्ट उठलेला दिसत असेल तर ट्रिमरचा विषय बाजूला ठेवायचा. तो दाब जास्त असल्याचा इशारा आहे, दारू कमी करायची.)

विल्सनचा ट्रिमर वेगळ्या विचाराने केलेला आहे. त्यात पुंगळी एका टेपर स्लीव्हमध्ये अंगाने बसते, हलक्या टिचकीने घट्ट होते. स्लीव्ह दोन दांड्यांवर आडवी ठेवायची, बूड मागच्या स्टॉप स्क्रूला टेकवायचं आणि समोरून कटर आणायचा. पायलट नाहीच. म्हणजे सरळपणा अंगाकडून मिळतो, लांबी बुडाकडून. दोन कामं दोन वेगळ्या जागांवर सोपवलेली, म्हणून एकाची खोड दुसऱ्यात उतरत नाही. हातात घेतलंत की तुम्हाला लगेच आवडेल. वीतभर लेथच आहे ती.

जिरॉडची तऱ्हा निराळी. पुंगळी उलटी धरून भोकात खुपसायची, आत खांदा टेकतो आणि मोटरवरचा कार्बाइड कटर तोंड कापतो, आतला बाहेरचा चँफरही त्याच दमात मारतो. काही सेकंदांत पुंगळी बाहेर. ड्रिलच्या चकात धरायचे डब्ल्यूएफटी नावाचे छोटे ट्रिमर मिळतात, तेही खांद्यावरच टेकतात, फक्त चँफर वेगळा मारावा लागतो. खांद्यावर माप घेणाऱ्या यंत्रांबद्दल एक तक्रार नेहमी ऐकू येते, की एकूण लांबी बुडापासून मोजली तर थोडी मागेपुढे येते. येते, कबूल. डायमध्ये खांदा जितका मागेपुढे बसला असेल तितकी येणारच.

पण इथे तुम्ही तुमच्या धंद्यातला नियम आठवा. जॉब असेंब्लीत ज्या फेसवर बसतो, तोच फेस डेटम धरावा. खांदेवाली पुंगळी चेंबरमध्ये कुठे बसते? खांद्यावर. पिन आदळली की पुंगळी पुढे सरकून खांद्याला थांबते, आणि तोंडापुढे जागा किती उरली हे खांद्यापासून तोंडापर्यंतच्या अंतरावर ठरतं. बूड हा फक्त व्हर्नियर लावायला सोयीचा फेस. तेव्हा खांद्यावर टेकणारं यंत्र कमी अचूक, हे बोलणं अर्धवट आहे. ते दुसऱ्या डेटमवर अचूक आहे, आणि तो डेटम कामाचा आहे. लांबी कमाल मापाच्या आत राहते ना, हे मात्र बुडापासून मोजूनच तपासायचं, कारण तक्त्यातलं माप तिथूनच दिलेलं असतं.

म्हणून खरी मेख ट्रिमरच्याही मागे, सायझिंग डायमध्ये आहे. खांदा दर वेळी एकाच जागी बसवला तर बुडाकडून कापा की खांद्याकडून कापा, दोन्ही मापं जुळून येतात. बोल्ट रायफलीसाठी (दर बाराला हाताने बोल्ट ओढायची ती) उडालेल्या पुंगळीचा खांदा पंचवीस ते पन्नास मायक्रॉन मागे ढकलला की पुरतं. हे मोजायला व्हर्नियरच्या जबड्याला लावायचे कंपॅरेटर मिळतात, स्वस्त असतात. पुष्कळ लोक डाय प्रेसमध्ये शेल होल्डरला, म्हणजे पुंगळीचं बूड धरणाऱ्या पकडीला, टेकेपर्यंत खाली फिरवतात, वर अजून थोडी आवळतात आणि खांदा गरजेपेक्षा कितीतरी जास्त मागे दाबून ठेवतात. मग प्रत्येक बाराला पुंगळी ताणली जाते, प्रत्येक सायझिंगला मान लांबते, आणि माणूस म्हणतो मला दर वेळी ट्रिम करावं लागतं.

तुमचा भाऊ हेच म्हणतोय. हे पत्रातलं वाक्य मला शंभर मायक्रॉनपेक्षा जास्त टोचलं. पुंगळी दर वेळी लांबते म्हणजे ते पितळ कुठून तरी येतं, आणि येतं ते बुडाच्या जरा वरच्या भिंतीतून. तिथली भिंत आतून पातळ होत जाते. बाहेरून तिथे उजळ गोल पट्टा दिसू लागतो. एक तारेची क्लिप सरळ करून टोक किंचित वाकवायचं, पुंगळीत घालून आतल्या भिंतीवर खालून वर ओढायचं. टोक खोबणीत अडकल्यासारखं वाटलं तर ती पुंगळी भंगारात, आणि त्याच लॉटच्या बाकीच्याही एकेक करून तपासायच्या. अशी पुंगळी पुढच्या बाराला बुडापाशी दोन तुकडे होऊ शकते, आणि तेव्हा गरम वायू बोल्टकडे, म्हणजे चेहऱ्याच्या दिशेने येतो. दहा हजारांचा ट्रिमर घ्या की लाखाचा, तो ही खोबण भरून काढत नाही. म्हणून त्याला सांगा, आज रात्री आधी तार घालून बघ, मग डाय थोडी वर घेऊन खांदा मोज. ट्रिमरची चौकशी उद्या.

एवढं झाल्यावर निवड सोपी आहे. एकच काडतूस, बोल्ट रायफल, आठवड्याला शंभरभर पुंगळ्या, असा त्याचा खेळ असेल तर विल्सनच घ्यावा, त्याच्या काडतुसाच्या होल्डरसकट. डाय नीट लावल्यावर त्याला दर वेळी कापावंही लागणार नाही, त्यामुळे हाताने हँडल फिरवायचा कंटाळा हा मुद्दाच उरत नाही. जिरॉड काहीशे डॉलरचं यंत्र आहे आणि त्या पैशाचं सोनं होतं ते हजारोंच्या ढिगावर, पॉइंट टू-टू-थ्रीसारख्या काडतुसाच्या पुंगळ्या बादलीने कापणाऱ्यांकडे. उद्या त्याने तसली रायफल घेतली तर जरूर घ्यावं. आज नको. वाचलेले पैसे कंपॅरेटर आणि चांगल्या व्हर्नियरवर घालावेत. आणि कोणी नुकतीच सुरुवात करणारा असेल, तर त्याला मी ली कंपनीचा छोटा कटर सांगेन. त्यातली दांडी टोपीच्या भोकातून खाली येऊन टेकते, लांबी कारखान्यातच ठरलेली, बदलता येत नाही आणि म्हणून चुकवताही येत नाही.

कापताना दोन-तीन गोष्टी. सायझिंग आधी, ट्रिमिंग नंतर, उलटं कधी नाही, कारण डायमध्ये लांबी पुन्हा बदलते. सायझिंगचं तेल पुसून काढायचं, नाहीतर स्लीव्हमध्ये पुंगळी कधी खोल, कधी वर बसते आणि कटरला पूड चिकटते. हँडलवर जोर द्यायचा नाही. पितळ मऊ आहे, कटर दाबला की तो खरवडतो आणि तोंडाला लाटा उठतात. स्टॉपला पोचल्यावर जोर न देता दोन फेरे तसेच फिरवायचे, फेसिंगच्या शेवटी तुम्ही टूल जागेवर ठेवता तसे. मग चँफर, आतून जरा जास्त, बाहेरून नुसता बर निघेल इतका. तोंड चाकूसारखं धारदार करायचं नाही.

शॉपमधून त्याला काही पाठवायचंच असेल तर ५० मिमीची एक स्लिप गेज (नेमक्या मापाचा ठोकळा) द्या, नेहमीची, कुठल्याही टूलरूमला मिळते ती. त्याच्या पुंगळीच्या मापाजवळचंच माप आहे. मोजायला बसण्याआधी व्हर्नियर तिच्यावर लावून बघायचा, सवय लागली की अर्ध्या मिनिटाचं काम. आणि दहा पुंगळ्यांचे पाव-पाव फेऱ्याचे आकडे आले की मला पाठवा. तोंड तिरकं निघालं तर नव्या ट्रिमरआधी जुन्याचं कोलेट साफ करून, एकदा बदलून भागतं का, ते त्या आकड्यांवरून सांगता येईल.